मीठ वाढलं

लातूरच्या ट्यूशनवाल्या गल्लीत रेवती बिराजदारची मुलींची मेस होती आणि त्या मेसच्या स्वयंपाकघरात एका शब्दाला सक्त मनाई होती. तो शब्द म्हणजे 'संपलं'. तिथं मीठ संपत नसे, वाढत असे. पीठ वाढे, तांदूळ वाढत, बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायचं. भरल्या घरात संपल्याची भाषा काढू नये, ही रेवतीच्या आईची शिकवण. रेवती स्वतः बी.एस्सी. झालेली. या असल्या गोष्टींवर तिचा विश्वास होता असं नाही, पण विश्वास नसलेल्या गोष्टी पाळायला माणसाला कधी अडचण येत नाही. नव्यानं जेवायला आलेली एखादी मुलगी विचारायची, "काकू, भाजी संपली का?" मग पोळपाटावरून दम यायचा, "वाढली म्हण!" त्यावर मुलगी म्हणायची, "वाढली तर मग वाढा की!" आणि सगळी पंगत हसायची.

या हसण्याबोलण्याच्या घरात रेवतीची एकुलती एक लेक गिरिजा सहा वर्षं गप्प होती. ऐकू नीट यायचं, डोळे चमकदार होते, पण जिभेवर शब्द म्हणून नाही. नवस झाले, व्यायाम झाले, नातेवाइकांचे सल्ले तर पोत्यानं झाले. शेवटी डॉक्टर शमा काझींनी रक्ताची तपासणी करून काय ते सांगितलं. डॉक्टर काझी मेंदूच्या डॉक्टर. त्यांना कागदावर चित्र काढल्याशिवाय बोलता येत नसे.

"मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात," त्यांनी दोन गोळे काढले. "मधे बारीक फट असते. निरोप ती फट ओलांडून पलीकडं जातो. आता हा फटीचा काठ बघा. पेशीच्या पातळ पडद्यात इथं एक प्रथिन रोवलेलं असतं, त्याला आम्ही सांधिन म्हणतो. याचा हात फटीत बाहेर आलेला असतो आणि समोरच्या काठावरचा हात तो धरून ठेवतो. मूल एखादा शब्द पुन्हा पुन्हा ऐकतं, तेव्हा हे हात घट्ट होतात. सांधा पक्का झाला म्हणजे शब्द राहिला. तुमच्या गिरिजाचं सांधिन वाकडं तयार होतं. हात पुढं येतो, पण धरत नाही."

म्हणजे सहा वर्षं आपण बोलत होतो आणि लेकराच्या हातातून सगळं गळत होतं, हे रेवतीला तेव्हा कळलं. त्या दिवशी ती घरी येऊन खूप रडली.

उपचार नवा होता. निरुपद्रवी विषाणूच्या पोटात सांधिनचं दुरुस्त जनुक घालून ते मेंदूपर्यंत पोचवायचं, बाकी काम पेशी स्वतः करतात. गिरिजाला ते दिलं गेलं, आणि पावसाळा सरता सरता एका सकाळी ती ओट्यापाशी आली. बरणीत डोकावली. बोट आत फिरवून तिनं ते आईला दाखवलं आणि स्वच्छ म्हणाली, "आई, मीठ वाढलं."

रेवतीची भाकरी तव्यावरच जळाली. ती मटकन खाली बसली, लेकीला पोटाशी धरलं, मग उठून साखरेचा डबा काढला आणि जेवायला आलेल्या प्रत्येक मुलीच्या तळहातावर चिमूट चिमूट साखर ठेवत सुटली. गिरिजाचा बाप मल्लिनाथ सौरपट्ट्यांच्या मैदानावर कामाला होता. फोनवर त्याला एवढंच कळलं की लेकरू बोललं आणि घरात मीठ नाही. तो मिठाची पाच पाकिटं घेऊन आला.

पुढचं दीड वर्ष त्या घरात दिवाळी होती म्हटलं तरी चालेल. गिरिजाला शब्दांची भूक लागली होती. दिसेल त्याकडे बोट दाखवून "हे काय?" विचारायची. एकाच 'वाढ' शब्दात ताटात घालणं, मोठं होणं आणि बरणी रिकामी होणं, हे सगळं बसतं याची तिला भारी गंमत वाटे. मेसमध्ये उदगीरची श्रुतिका होती, मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी. ती गिरिजाची श्रुताक्का झाली. जेवणानंतर दोघी पायरीवर बसून पाखरांची नावं घोकायच्या.

एवढ्यात गल्लीत दुसरीच हवा सुरू झाली होती. जे औषध मुक्या पोरांना बोलतं करतं ते बोलत्या पोरांना हुशार का करणार नाही, असा विचार कुणाच्या तरी डोक्यात आला आणि नाकात मारायचा फवारा बाजारात उतरला. मोठेपणी आपल्या मेंदूत सांधिन कमी तयार होतं, म्हणून तर पाढे लहानपणी पाठ होतात आणि मोबाइलचा नंबर मोठेपणी होत नाही. फवाऱ्यानं ते काही तासांसाठी पुन्हा भरपूर तयार होई. आधी एका क्लासनं दिला, मग दुसऱ्याला मागे राहून कसं चालेल? बघता बघता पंगतीत ताट येण्याआधी नाकात फवारा मारणं हे हात धुण्याइतकं साधं झालं. श्रुतिकाही मारायची. "काकू, एकदा वाचलं की छापल्यासारखं राहतंय," ती सांगायची. कधी कधी कपाळ दाबून बसायची, पण परीक्षेच्या वर्षात कपाळ कोण दाबत नाही?

गिरिजाचंही कपाळ दुखायला लागलं तेव्हा रेवतीनं आधी चष्म्याचा विचार केला. डॉक्टर काझींनी स्कॅन काढला. या वेळी त्यांनी चित्र काढायला बराच वेळ लावला.

"सांधिनचा हात फटीत बाहेर आलेला असतो, आठवतं?" त्या म्हणाल्या. "मेंदू काही शिकतो तेव्हा तिथं एक विकर येतं, कात्रीसारखं, आणि त्या हाताचा तुकडा कापतं. तुकडा सुटून आजूबाजूला तरंगतो. ही खराबी नाही, लहान मेंदूला तो लागतोच. तो शेजारच्या कोवळ्या पेशींपाशी जाऊन एकच शब्द बोलतो. वाढ."

रेवतीच्या डोळ्यांसमोर नको तेव्हा मेसची पंगत आली. वाढ. अजून वाढ.

"आपल्यात वयाबरोबर तो शब्द हळू होत जातो. गिरिजाला दिलेल्या जनुकाला हळू होणं माहीत नाही. आणि तिच्या डाव्या कानाच्या वर काही पेशी वाट चुकल्या आहेत. त्याही हा शब्द ऐकतायत. ती जितकं शिकेल तितका तो त्यांना ऐकू जाईल."

"कापून काढा मग," मल्लिनाथ म्हणाला.

"दूधभातातून दूध काढता येतं का, मल्लिनाथराव? त्या पेशींची गाठ बोलण्याच्या भागात अशी मिसळलीय." काझींनी पेन खाली ठेवलं. "एक औषध आहे. त्या कात्रीत कायमचं अडकून बसतं. तुकडा सुटणार नाही, गाठ उपाशी मरेल. पण मग नवा सांधाही होणार नाही. आज तिच्याजवळ जेवढे शब्द आहेत तेवढे राहतील. नवीन काही चिकटणार नाही, कधीच."

मल्लिनाथनं तिथंच हो म्हटलं. रेवतीनं नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांनी परक्या माणसासमोर भांडण केलं.

"पोरगी राहू दे गं माझी," तो म्हणत होता. "न बोलता सहा वर्षं राहिलीच की!"

"तुम्ही राहिलात! तुम्ही सकाळी जायचात, संध्याकाळी यायचात. दिवसभर भिंतीशी मी बोललेय." रेवतीचा आवाज फाटला. "आठ वर्षांचं लेकरू. त्याला म्हणायचं, एवढंच, आता पुरे?"

शेवटी तिनं डॉक्टरांकडून मुदत मागून घेतली. शिकण्यानं गाठ वाढते ना, मग शिकणंच थांबवू. काझींना ते फारसं पटलं नव्हतं, पण पुढच्या स्कॅनपर्यंत थांबायला त्या तयार झाल्या.

तेव्हापासून रेवतीनं लेकीला कंटाळा वाढायला घेतला. शाळा बंद, टीव्ही बंद, पुस्तकं माळ्यावर. रोज तेच वरण, तोच भात, तोच फ्रॉक धुऊन पुन्हा तोच. पंगतीतल्या मुलींना ताकीद होती की गिरिजाशी बोलायचं नाही, बोललात तर जुनंच बोला. गिरिजाला कारण सांगितलं होतं. डोक्यात एक वाईट गाठ आहे, नवीन काही शिकलं की ती खाते, म्हणून ती जाईपर्यंत शिकायचं नाही. गिरिजा समजूतदार होती. खिडकीतून एखादं पाखरू दिसलं की तिचं बोट आपोआप उचललं जाई, मग तीच ते दुसऱ्या हातानं खाली दाबे.

"आई, हे काय?"

"पाखरू."

"तेही पाखरू?"

"सगळी पाखरंच."

असं खोटं बोलताना रेवतीला स्वतःची चीड यायची. जिनं एका शब्दासाठी गावोगावचे उंबरे झिजवले तीच आता शब्द लपवत होती, दुधाचं पातेलं मांजरापासून लपवावं तसं. आणि भीती अशी की लपून राहतच नव्हतं. पोरगी आईचा चेहरा वाचायला शिकली होती. दाराची कडी कोणत्या आवाजाला बाबांची आणि कोणत्या आवाजाला मुलींची, हे शिकली होती. कुठल्या भिंतीला डोकं टेकलं की दुखणं कमी होतं, तेही ती आपलं आपण शिकली होती. जित्या लेकराला शिकण्यापासून कोण अडवणार?

दुसरा स्कॅन झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवती कणीक मळत होती आणि हात बरबटलेले म्हणून तिनं फोन स्पीकरवर घेतला. एवढीच चूक.

"रेवतीताई, रिपोर्ट आलाय," काझी म्हणाल्या. "गाठ वाढली आहे. आता थांबण्यात अर्थ नाही. तुम्ही दोघं लगेच या, सह्या लागतील. गिरिजाला उद्या सकाळी आणा."

रेवतीनं कणकेच्या हातानंच फोन बंद केला. मागं वळून पाहिलं तर गिरिजा दारात उभी होती, डोळे मोठे करून. रेवतीला वाटलं, घाबरलं लेकरू. तिनं तिला जवळ घेतलं, "काही नाही गं, मी आलेच," म्हणाली, पंगतीचं काम मदतीला येणाऱ्या मावशींवर टाकलं आणि रिक्षा पकडली. गिरिजा घाबरलेली नव्हती, हे पाहायला तिला डोळे होते, पण त्या क्षणी ते भरून आलेले होते.

दवाखान्यात मल्लिनाथ आधीच पोचला होता. रेवतीनं सही केली तेव्हा त्यानं कागद धरून ठेवला, तेवढंच.

दोघं परत आली तेव्हा दुपार कलली होती आणि मेसच्या पायरीवरून गाणं म्हटल्यासारखा गिरिजाचा आवाज येत होता. "साळुंकी! भारद्वाज! कोतवाल! वेडा राघू!" मांडीवर पुस्तक, शेजारी श्रुतिका, भोवती चार-पाच मुली. झाडांची झाली होती, ग्रहांची झाली होती, आता पाखरांची नावं चालली होती. पोरीचा चेहरा लालबुंद झाला होता, केस घामानं चिकटले होते आणि ती इतकी आनंदात होती की रेवतीला तिच्याकडे बघवेना.

"श्रुतिका!" रेवती ओरडली. "काय करायलीस हे?"

श्रुतिका हसतच उठली. "काकू, तुम्ही सांगितलं पण नाही! गिरूनंच सांगितलं. गाठ वाढली म्हणे. मी आधी घाबरलेच. म्हटलं, वाढली म्हणजे? तर म्हणाली, मिठासारखी."

मल्लिनाथला काही कळलं नाही. रेवतीला कळलं. तिनं दाराची चौकट धरली.

"डॉक्टरच बोलल्या, आई," गिरिजा धावत आली. "गाठ वाढली! आता शिकायचं ना? मी सकाळपासून शिकले. शनीला कडी असतात." बोलता बोलता तिनं कपाळ आईच्या पोटावर दाबलं, जोरात, जसं ती भिंतीवर दाबायची.

श्रुतिकानं रेवतीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या घराची ही भाषा ती पोरगी दोन वर्षं या पंगतीत बसून शिकली होती, म्हणून तर तिला मिठासारखी म्हणजे काय ते लगेच समजलं. आता तिला दुसरंही समजलं. तिनं पायरीवरचं पुस्तक मिटलं.

लेकीला खरं सांगायचं तर रेवतीला आत्ताच शिकवावं लागणार होतं, की डॉक्टर वाढली म्हणतात तेव्हा ती खरोखर मोठी झालेली असते. एक शेवटचा नवा शब्द, आणि तो असा. उद्यापासून तोच कायमचा तिच्या डोक्यात बसणार. रेवतीनं लेकीच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

"आई, वाढली ना?"

"हो माय," रेवती म्हणाली. "वाढली."

दुसऱ्या दिवशी औषध दिलं गेलं.

त्यानंतरचं सांगायचं तर गिरिजा जगली. डॉक्टर काझी दर तपासणीला चित्र दाखवत, त्यात डाव्या कानावरचा पांढरा डाग लहान लहान होत गेला. डोकेदुखी थांबली. गिरिजा हसे, गाणी म्हणे, चटणी वाढायला मदत करी. तिची पाखरंही राहिली, शनीची कडीही राहिली. फक्त मेसमध्ये आलेल्या नव्या मुलींची नावं ती रोज नव्यानं विचारायची आणि ताट वाढून होईपर्यंत ती नावं तिच्याजवळून निघून गेलेली असायची. मल्लिनाथ म्हणायचा, आहे ना आपल्यासमोर, बस झालं. रेवती मान हलवायची. तिलाही ते खरंच वाटायचं, फक्त नव्या मुली जेवायला आल्या की ती आत निघून जायची.

गल्लीत फवारा चालूच होता. काझींनी जिथं जिथं सांगायचं तिथं सांगितलं होतं. उत्तर ठरलेलं येई, की त्या मुलीचं जनुक कायमचं होतं आणि हा फवारा काही तासांचा आहे. काही तास दिवसातून किती वेळा, हे कुणी विचारत नव्हतं. निकाल चांगले लागत होते. नव्या वर्षाची पंगत जुन्या वर्षापेक्षा मोठी होती आणि ताटं मांडली की ओळीनं माना वर जात, नाकात फवारे जात, मग माना खाली येऊन घास सुरू होत.

श्रुतिकाचा नंबर लागला होता. ती मेडिकलला गेली आणि अधूनमधून काकूंच्या हातचं खायला यायची. त्या दुपारी ती आली तेव्हा पंगत भरात होती. ती बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हातात मोठा पिवळा लिफाफा होता. स्कॅनचे लिफाफे कसे असतात ते त्या घराला पाठ होतं.

"काकू," ती म्हणाली, "कपाळ दुखतंय म्हणून काझी मॅडमकडं गेले होते. मागच्या महिन्यात बारीक दिसत होती. आज..." तिनं लिफाफा पुढं केला. "गाठ वाढली म्हणाल्या."

रेवतीच्या हातातला झारा तिथंच थांबला. ती काही बोलणार एवढ्यात गिरिजानं टाळ्या पिटल्या.

"श्रुताक्काची गाठ वाढली!" ती ओरडली, आणि श्रुतिकाच्या कमरेला मिठी मारून तिला गरागरा फिरवू लागली. "वाढली! वाढली!"

श्रुतिका फिरली. त्या पोरीचा आनंद मोडण्याचं बळ तिच्यात नव्हतं. पंगतीतल्या एका मुलीनं नाकाशी नेलेला फवारा हळूच ताटामागं ठेवला. शेजारच्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःचं कपाळ चाचपलं.

चांगली बातमी आली की काय करतात हे गिरिजाला ठाऊक होतं. तिनं फळीवरून साखरेचा डबा काढला, आधी श्रुताक्काच्या तळहातावर साखर ठेवली आणि मग पंगतीत शिरली. एकेका मुलीपुढं थांबून ती म्हणत होती, "हात कर," आणि मुली हात पुढं करत होत्या. कुणालाही नाही म्हणता आलं नाही. साखर घेऊन सगळ्या तशाच बसून राहिल्या, मुठी मिटून.

शेवटच्या मुलीपाशी तिनं डबा उलटा करून तळाशी थाप मारली. मग रिकामा डबा घेऊन ती आईकडे आली आणि आत बोट फिरवून तिनं ते आईला दाखवलं.

"आई, साखर वाढली."

रेवतीनं तो डबा हातात घेतला. ती श्रुतिकाकडे पाहत होती, आणि श्रुतिकाच्या मागं, दारापासून थेट रस्त्यापर्यंत मांडलेल्या पंगतीकडे. आईची शिकवण मोडून ती त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच तो शब्द बोलली.

"संपली, गिरू. वाढली नाही. संपली."

"संपली म्हणजे?"

"म्हणजे आता नाही. काहीच उरलं नाही."

"संपली," गिरिजानं नीट म्हणून पाहिलं. नवा शब्द तिला आवडला. "संपली, संपली," म्हणत ती टाचा उंचावून डबा फळीवर ठेवायला गेली. डबा ठेवला, वळली आणि आईच्या ओल्या डोळ्यांकडे पाहून तिला काही तरी विचारायचं आठवलं.

"आई, साखर वाढली का?"